सॅम्पल फ्लॅट

चारशे सात नंबरच्या फ्लॅटमध्ये बाथरूमबाहेरच्या बोर्डाचे स्क्रू काढून टेस्टर वायरमनने हिरवी वायर चिमटीत धरली आणि हलकेच ओढली. ती आली. सगळीच्या सगळी हातात आली. बोटभर लांबीची, मागच्या टोकाला प्लास्टरचा वाळका गोळा चिकटलेला. अर्थिंगची वायर बिघाड झाला की वीज माणसाच्या अंगातून न जाता जमिनीत जावी म्हणून असते. ती चार मजले उतरून खाली पुरलेल्या प्लेटला जाऊन मिळायला हवी. ही वायर भिंतीतदेखील शिरली नव्हती. बोर्ड उघडणाऱ्याला हिरवं काहीतरी दिसावं म्हणून कोण्या नालायकाने तुकडा कापून ओल्या प्लास्टरमध्ये खोचून दिला होता.

टेस्टरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने दुसरा बोर्ड उघडला, तिसरा उघडला. स्वयंपाकघरातला उघडताना तर स्क्रू काढायचाही धीर राहिला नाही, झाकण उचकटूनच काढलं. पाच बोर्ड, पाच तुकडे. ते पाचही त्याने शर्टाच्या खिशात टाकले आणि रिकाम्या हॉलमध्ये उभं राहून भिंतीला एक सणसणीत शिवी दिली. ऐकायला कोणी नव्हतं. भाडेकरू नवराबायको चार दिवसांपूर्वीच गेले होते. नळाला हात लावला की मुंग्या येतात अशी तक्रार त्यांनी इमारतीच्या बिल्डरकडे दोनदा केली होती, आणि तिसऱ्यांदा त्यांची मुलगी अंघोळ करताना फेकली गेली. पोर वाचली हे नशीब. वीज खात्याने दुसऱ्याच दिवशी अख्ख्या इमारतीची वीज तोडली.

हा फ्लॅट त्याच्या ताईचा. इस्पितळात पस्तीस वर्षं नर्स म्हणून राबून, राहतं घर विकून, वर निवृत्तीचे सगळे पैसे घालून तिने तो घेतला होता. राहायला नाही, भाड्याने द्यायला. भाडं आलं की म्हातारपणाची सोय झाली, असा साधा हिशेब. ती स्वतः टेस्टरच्या दुकानामागच्या खोलीत राहायला आली होती. आणि हा फ्लॅट घे असं तिला टेस्टरनेच सांगितलं होतं.

टेस्टर हे काही त्याचं खरं नाव नव्हे. खिशाला पेनाऐवजी टेस्टर लावून हिंडणारा वायरमन म्हणून लोकांनी ते पाडलं, आणि आता बायको सोडून सगळे तेच म्हणत. त्याच्या शब्दाला वजन होतं. कोणी घर घ्यायचं म्हटलं की आधी त्याला दाखवून आणत. तो भिंतीवर हात फिरवायचा, बोर्ड उघडायचा आणि मालकाच्या तोंडावर सांगायचा, "इथे ओल आहे, घेऊ नका." अशाने दोन-तीन सौदे मोडले तेव्हा मालकांनी त्याला शिव्या घातल्या आणि गिऱ्हाइकांनी डोक्यावर घेतलं. शिवाय तो परवानावाला होता. दोन वर्षं शिकून, परीक्षा देऊन मिळवलेला वायरमनचा परवाना त्याने दुकानात काचेत लावला होता. कोणी हौशी माणूस घरच्या घरी वायरी जोडताना दिसला की टेस्टर त्याच्यावर खेकसायचा, "परवाना आहे का? नाही ना? मग हात लावू नकोस. हा काय खेळ आहे?"

असा हा परवान्याचा भक्त कुठे घसरला, तर सॅम्पल फ्लॅटमध्ये.

इमारत अजून अर्धवट होती तेव्हा बिल्डरने तळमजल्यावर गिऱ्हाइकांना दाखवायला एक नमुन्याचा फ्लॅट सजवला. त्याचं वायरिंग टेस्टरने केलं, आणि जीव ओतून केलं. तांब्याच्या वायरी, नीट अर्थिंग, बोर्ड उघडला तर बघत राहावं असं काम. बिल्डरचा विक्रीचा माणूस तिथेच बसलेला असे. भर उन्हाळ्यात कोट घालायचा म्हणून कामगार त्याला कोटसाहेब म्हणत. एक दिवस टेस्टरने सहज एका गिऱ्हाइकाला बोर्ड उघडून दाखवला आणि ते गिऱ्हाईक तिथल्या तिथे बुकिंग करून गेलं. कोटसाहेबाच्या डोक्यात लगेच प्रकाश पडला.

"टेस्टरभाऊ, तुमच्या ओळखीची माणसं आणत जा," तो म्हणाला. "फ्लॅट दाखवा, दोन शब्द बोला. खरंच बोला, खोटं कशाला? बुकिंग झालं की तुमचं पाकीट तयार."

"त्याला परवाना लागतो ना? दलालीचा?"

"परवाना विकणाऱ्याला लागतो हो! तुम्ही कुठे विकताय? तुम्ही नुसतं बोलताय. बोलायला कुठे परवाना लागतो?"

जिभेवर साखर पेरलेला माणूस. पण त्याला एकट्याला का बोल लावायचा? टेस्टरला ते ऐकायचंच होतं. रविवारी तो ओळखीपाळखीच्यांना घेऊन सॅम्पल फ्लॅटमध्ये जायचा, बोर्ड उघडायचा आणि म्हणायचा, "बघा. याला म्हणतात काम." लोक मान डोलवायचे, आणि याची छाती फुगायची. स्वतःच्याच हातचं वायरिंग दाखवून तो अख्ख्या इमारतीची हमी देत होता आणि त्यात काही चुकतंय हे त्याच्या टाळक्यात शिरत नव्हतं. वरच्या मजल्यांचं काम दुसऱ्या ठेकेदाराकडे होतं. ते बघायला चार जिने चढायचे होते. एकदाही चढला नाही. इथे असं तर वरही असंच असणार, असं धरून चालला. दुसऱ्याच्या घरात कोपरान् कोपरा हुंगणारा माणूस तो, आणि जिथे पाकीट मिळत होतं तिथे नाक बंद करून बसला. चौदा फ्लॅट गेले. शाळेच्या बसचा ड्रायव्हर, औषधाच्या दुकानातल्या बाई, बायकोचा भाऊ, ताई.

ताईने तेव्हा विचारलं होतं, "तुला काय मिळणार यात?"

"काही नाही. तुझ्याकडून कसलं घेणार मी?" तो म्हणाला होता. ताईकडून त्याने खरंच काही घेतलं नाही. पाकीट बिल्डरने दिलं.

खिशात ते पाच तुकडे घेऊन तो तडक बिल्डरच्या ऑफिसात गेला. कोटसाहेबाच्या टेबलावर त्याने ते आपटले.

"हे काय आहे?"

कोटसाहेबाने एक तुकडा उचलून उलटसुलट पाहिला. "वायर दिसते."

"अर्थिंग आहे हे! एक पोर मरता मरता वाचली तुमच्या इमारतीत. सगळं वायरिंग उचकटून नवं करा, नाहीतर लोकांचे पैसे परत द्या. चौदा माणसं मी आणली होती, माझ्या तोंडाकडे बघून आली होती."

"हळू बोल," कोटसाहेब म्हणाला. टेस्टरभाऊ गेलं होतं, तुम्ही गेलं होतं. "ठेकेदार पळाला. आम्ही त्याला शोधतोय. सापडला की बघू. आणि चौदा माणसं तू आणलीस म्हणतोस, तर हे जरा जपून बोलत जा. दलालीचा परवाना आहे तुझ्याकडे?"

"तुम्हीच म्हणाला होतात, लागत नाही!"

"मी? कधी? काही लिहून दिलंय का?" त्याने तुकडा परत टेबलावर ठेवला. "हे बघ, तक्रार करायची तर खुशाल कर. आधी आत तू जाशील. दंड तू भरशील. आणि तो तुझा वायरमनचा परवाना आहे ना काचेत लावलेला, तो पण जाईल. आम्ही तर तुला ओळखतसुद्धा नाही. सॅम्पल फ्लॅटचं वायरिंग केलंस, त्याचं बिल दिलं, संपलं."

टेस्टरला त्याची कॉलर धरावीशी वाटली. धरली नाही. हात उचलला असता तर त्याच माणसाचं फावलं असतं. तो दातओठ खात जिना उतरला, आणि खाली आल्यावर त्याच्या लक्षात आलं की पाचही तुकडे वर टेबलावरच राहिले. परत गेला तर शिपायाने सांगितलं, "साहेब मीटिंगमध्ये आहेत." टेबल मात्र दारातून दिसत होतं. पुसून लख्ख केलेलं.

तिथून तो परवाना कार्यालयात गेला. तिसऱ्या खिडकीवर एक बाई बसल्या होत्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणि आवाजात जराही गोडवा नाही. टेस्टरने आधी "एका मित्राचं विचारायचंय" अशी सुरुवात केली. दोन वाक्यांनंतर बाई म्हणाल्या, "मित्राला राहू द्या. तुमचं सांगा."

त्याने सांगितलं. शेवटी म्हणाला, "पण मी विकत नव्हतो. मी फक्त वायरिंग दाखवत होतो."

"पाकीट दाखवल्याचं मिळायचं की बुकिंग झाल्याचं?"

"बुकिंग झाल्याचं."

"बुकिंग नाही झालं तर?"

"काही नाही."

"मग विकतच होतात," बाई म्हणाल्या आणि कपाटातून दोन छापील कागद काढले. "नीट ऐका. बिनपरवाना माणसाला पैसे देऊन बिल्डरने फ्लॅट विकला असेल, तर घेणाऱ्याला वर्षाच्या आत व्यवहार रद्द करता येतो. बिल्डरने पूर्ण पैसे परत द्यायचे. नाही दिले तर त्याची पुढची इमारत आम्ही अडवतो, म्हणून देतात. तक्रार घेणाऱ्यानेच करायची, हा तो फॉर्म. पण तुम्हाला पैसे मिळाल्याचा पुरावा लागेल. चेकने दिले होते?"

"रोख. पाकिटात."

"अर्थातच. मग पुरावा एकच. तुम्ही स्वतः लिहून द्यायचं, हा दुसरा फॉर्म."

"आणि मग माझं?"

"दंड. शिवाय तुमचा वायरमनचा परवाना जमा करावा लागेल. दोन्ही परवाने आमचंच खातं देतं. दोन वर्षं तरी काम करता येणार नाही."

टेस्टरने ओठांवरून जीभ फिरवली. "एकाच फ्लॅटचं लिहून दिलं तर चालेल?"

बाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे असं पाहिलं की त्याला विचारल्याची लाज वाटली. "सगळे लिहायचे, म्हणजे बाकीच्यांनाही तक्रार करता येईल. एक जरी लपवलात तर बाकीचेही ग्राह्य धरत नाहीत. तुमच्या बहिणीचा व्यवहार कधीचा?"

त्याने तारीख सांगितली. चौदांत सगळ्यात आधीचा व्यवहार तिचाच होता.

"म्हणजे शुक्रवारी वर्ष भरतंय. आज बुधवार आहे."

घरी आला तेव्हा ताई काउंटरवर होती. एका गिऱ्हाइकाला बल्ब लावून दाखवत होती. विकण्याआधी प्रत्येक बल्ब पेटवून दाखवायचाच, हा नियम तिने दुकानात आल्या आल्या स्वतःहून लावला होता. गिऱ्हाईक जाईपर्यंत टेस्टर उभा राहिला. मग त्याने शटर अर्धं ओढलं आणि सगळं सांगितलं. वायरींचे तुकडे, कोटसाहेब, खिडकीवरच्या बाई. सांगताना त्याचा आवाज चढत गेला. बिल्डरला, ठेकेदाराला, कोटसाहेबाला त्याने नाही नाही ते म्हटलं. त्याला वाटत होतं ताईही त्यात सामील होईल.

ताईने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "माझ्या फ्लॅटवरही घेतलंस?"

"अगं, सगळ्यांचं जसं होतं तसं..."

"हो की नाही?"

"हो."

ताई उठली. हातातला बल्बचा खोका तिने काउंटरवर ठेवला, आणि मग जी सुरू झाली ती थांबेचना. पस्तीस वर्षं वॉर्डात हळू बोलायची सवय लागलेली बाई, पण त्या दिवशी समोरच्या फुटपाथवरची माणसं वळून बघायला लागली.

"मी तुला विचारलं होतं! इथेच, याच स्टुलावर बसून विचारलं होतं! तू म्हणाला असतास की ताई, मला यात चार पैसे मिळतायत, तर मी म्हटलं असतं घे बाबा, तुझा संसार आहे. पण नाही. 'तुझ्याकडून कसलं घेणार!' तोंड वर करून म्हणालास! आणि मी मूर्ख, इस्पितळात सगळ्यांना सांगत सुटले की माझा भाऊ बघा कसा, स्वतः उभा राहून घर घेऊन दिलं. अरे, त्या कोटवाल्याचं सोड, तो परका आहे. तो फसवणार नाही तर काय ओवाळणार? तू कोण होतास माझा?"

"ताई, वायरिंग असं असेल हे मला खरंच..."

"वायरिंगचं मी बोलतच नाहीये!"

आवाज ऐकून टेस्टरची बायको आतून आली. काय झालं ते कळल्यावर तिनेही धसका घेतला, पण तो वेगळ्याच कारणाने. "दोन वर्षं परवाना नाही म्हणजे दोन वर्षं दुकान नाही," ती म्हणाली. "नुसते बल्ब विकून घर चालतं का? वन्सं, तुम्हीच सांगा त्यांना. दुसरा काही मार्ग निघेल. सख्ख्या भावावर कोणी तक्रार करतं का?"

टेस्टर ताईकडे बघत राहिला. खरं सांगायचं तर याचसाठी तो आधी घरी आला होता. ताई म्हणेल, जाऊ दे, तुझं पोट महत्त्वाचं. लहानपणापासून तिने नेहमी तेच म्हटलं होतं. शाळेची फी तिने भरली, पहिला अवजारांचा डबा तिने घेऊन दिला, आणि दर वेळी म्हणाली, असू दे रे. आताही म्हणाली असती तर तो थोडा रडला असता, नाही नाही म्हणाला असता, आणि शुक्रवार निघून गेला असता.

"यादीत तुझा भाऊही आहे," ताई भावजयीला म्हणाली. "तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट त्याचाच ना?"

बायकोने नवऱ्याकडे वळून पाहिलं. "अहो! त्याच्यावरसुद्धा?"

टेस्टरने मान खाली घातली. मग बायकोचाही तोल सुटला. माझ्या माहेरी काय तोंड दाखवू, कर्ज काढून घेतलाय त्याने, आणि घरभरणीला 'मेहुण्याने सगळं बघून घेतलं' म्हणून तुम्हाला खुर्चीवर बसवलं होतं पुढे! दोघी दोन बाजूंनी बोलत होत्या आणि मध्ये हा एवढा मोठा माणूस बल्बांच्या खोक्यांकडे बघत उभा होता. कोटसाहेबावरचा त्याचा सगळा राग कुठल्या कुठे गेला. आता जो राग आला तो असा होता की तो काढायला समोर कोणी नव्हतं.

"मी सही करतो," तो म्हणाला.

"करशीलच," ताई म्हणाली. "उद्या सकाळी निघायचं. तक्रार मी लिहिणार."

दुसऱ्या दिवशी दोघं एकाच बसने गेली, पण ताई पुढे बायकांमध्ये बसली. परवाना कार्यालयात तिने तिसऱ्या खिडकीपाशी उभं राहून तक्रारीचा फॉर्म भरला. औषधांच्या मात्रा लिहायची सवय असलेलं तिचं अक्षर, एकेक शब्द सुटा आणि स्वच्छ. 'बिनपरवाना विक्री करणाऱ्याचे नाव' या रकान्यात तिने भावाचं पूर्ण नाव लिहिलं. गेल्या कित्येक वर्षांत ते कोणी पूर्ण लिहिलं नव्हतं.

खिडकीवरच्या बाईंनी फॉर्म वाचला. "आडनाव एकच दिसतंय. तुमचे कोण हे?"

"धाकटा भाऊ."

बाईंनी शिक्का उचलला. "घरातल्या घरात मिटवायचं असेल तर अजून वेळ आहे. एकदा शिक्का मारला की मला काही करता येणार नाही."

"घरातलं मी घरी मिटवीन, नाहीतर नाही मिटवणार," ताई म्हणाली. "पण बसचा ड्रायव्हर आमच्या घरातला नाही. औषधाच्या दुकानातली बाई नाही. त्यांचं कोण मिटवणार? मारा शिक्का."

शिक्का बसला. बाईंनी दुसरा फॉर्म टेस्टरपुढे सरकवला. चार रकाने होते. घेणाऱ्याचं नाव, फ्लॅट नंबर, तारीख, मिळालेली रक्कम. त्याने बसच्या ड्रायव्हरपासून सुरुवात केली. एकेक नाव लिहिताना त्याला त्या त्या माणसाचा सॅम्पल फ्लॅटमधला चेहरा दिसत होता. औषधाच्या दुकानातल्या बाईंनी बोर्डात वाकून बघून "मला यातलं काही कळत नाही, तुम्ही म्हणता ना, मग झालं" असं म्हटलं होतं. बायकोच्या भावाने निघताना पाठीवर थाप मारली होती. तेरा नावं झाली. चौदावं लिहायच्या आधी त्याने पेन खाली ठेवलं आणि बोटं मोडली.

"लिही," ताई म्हणाली.

त्याने तिचं नाव लिहिलं. चारशे सात लिहिलं. तारीख लिहिली. शेवटच्या रकान्यापाशी त्याने डावा हात आडवा धरला, शाळेत शेजारच्याने बघू नये म्हणून पोरं धरतात तसा, आणि आकडा लिहिला. ताईने पर्समधून चष्मा काढला, डोळ्यांवर चढवला आणि त्याचा हात मनगटाला धरून बाजूला केला.

वाचायला तिला फार वेळ लागला नाही.

"एवढेच?" ती म्हणाली.

खिडकीवरच्या बाईंनी सहीची जागा बोटाने दाखवली आणि टेस्टरने तिथे सही केली.